जुन्या फटफटीचा नवा धनी



ज्यांच्या घरीं नुकतीच एखादी जुनी, निळसर धूर सोडणारी, पण अंगांत भारी जोर असलेली फटफटी येऊन उभी राहिली आहे अशा तरुणांसाठीं, आणि त्यांच्या काळजीनें जागणाऱ्या आईबापांसाठीं आजचें हें भाषण आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली या गांवांतून अलीकडे एक नवल पाहावयास मिळतें. ज्या मोटार-सायकली लोकांनीं एके काळीं भंगाराच्या भावानें काढून टाकल्या, त्याच आतां तरुण मंडळी खेडोपाडीं हिंडून, गोठ्यांतून नि पडव्यांतून शोधून काढून, चढ्या किंमतीस विकत घेत आहेत. १९८५ ते १९९६ या काळांत आपल्या देशांत तयार झालेली यामाहा आर-एक्स १००, १९८३ सालीं निघालेली राजदूत ३५०, म्हैसूरची येझदी, आणि या दांडग्या मंडळींत थोडी घरंदाज म्हणावी अशी बजाजची चेतक स्कूटर, हा सगळा एकाच घराण्याचा गोतावळा. धुराचे नियम कडक होत गेले तसें हें घराणें बाजारांतून उठलें. लोकांच्या मनांतून मात्र उठलें नाहीं.

अडचण येथेंच आहे. घेणाऱ्या मुलाचा जन्म बहुधा गाडीच्या जन्मानंतरचा असतो. तो ज्या गाडीवर शिकला ती चार धावांची; तींत पेट्रोल घालावें, कांहीं महिन्यांनीं तेल बदलावें, कीं काम झालें. ही नवी (म्हणजे जुनी) गाडी तशी नव्हे. तिचा स्वभाव समजून न घेतां तिच्यावर मांड टाकली तर ती पहिल्याच उन्हाळ्यांत खिसा रिकामा करते, आणि कधीं कधीं त्याहून अधिक कांहीं मागते.

मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीला लागलों आणि निवृत्त होईपर्यंत हातांत खडूच होता. परंतु जेथें एस. टी. दिवसांतून एकदां येई आणि पावसाळ्यांत तीही येत नसे, अशा गांवीं नोकरी करणाऱ्यास आपली गाडी आपणच खोलून पुन्हां जोडावी लागते. तेवढ्या अधिकारानें बोलतों.

प्रथम एंजिनाची गोष्ट. चार धावांच्या एंजिनांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दोनदां वर व दोनदां खालीं जातो तेव्हां एकदां स्फोट होतो. दोन धावांच्या एंजिनांत तो प्रत्येक फेऱ्याला होतो. म्हणून लहान देहांत एवढा जोर. डोक्यावर झडपा नाहींत. सिलिंडरच्या भिंतींना खिडक्या पाडलेल्या असतात आणि दट्ट्याच वर-खालीं होतांना त्या उघडतो व झांकतो. हवा आणि पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खालच्या पेटींत शिरतें, तेथून दाबानें वर चढतें. आतां ज्या पेटींतून पेट्रोलाचा वारा सतत वाहतो तेथें तेलाचें डबकें ठेवतां येत नाहीं. म्हणून वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबरच आंत जातें, वाटेंतल्या सांध्यांना नि बेअरिंगांना आपला हात लावतें, आणि शेवटीं जळून धूर होऊन बाहेर पडतें. हें एक वाक्य ज्याला कळलें त्याला निम्मी गाडी कळली: या एंजिनांत तेल राहत नाहीं, तें नुसतें जातांना दर्शन देतें.

याच स्वभावाचें दुसरें एक एंजिन जगांत प्रसिद्ध आहे. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यानें कल्पिलेल्या त्या एंजिनांत दट्ट्या वर-खालीं होत नाहीं. तीन कोनांचा एक लठ्ठ तुकडा पेटीमध्यें गरगर फिरतो. एन-एस-यू या कारखान्यांत त्याचा पहिला नमुना १९५७ सालीं चालला. १९६७ मध्यें जपानच्या माझदानें आपली कॉस्मो आणि एन-एस-यूनें आपली आर-ओ ८० ही मोटार त्या एंजिनावर काढली. १९७८ पासून माझदाची आर-एक्स ७ ही धांवती गाडी गाजली. आणि १९९१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या एंजिनानें जिंकली. आमच्या मुलांच्या फटफटीच्या नांवांतही आर-एक्स हींच अक्षरें आहेत, हा केवळ योगायोग. परंतु स्वभावाचें साम्य योगायोगाचें नव्हे. तेथेंही झडपा नाहींत, खिडक्याच आहेत. तेथेंही तेल थोडें थोडें जळत राहतें. आणि तेथेंही फिरत्या तुकड्याच्या टोंकांवरील पट्ट्या झिजल्या कीं सारा जोर ओसरतो. आर-ओ ८० च्या त्या पट्ट्या इतक्या लवकर झिजूं लागल्या कीं कारखान्याला ग्राहकांचीं एंजिनें स्वखर्चानें बदलून देतां देतां जेरीस यावें लागलें, आणि १९६९ मध्यें तो ऑडींत विलीन झाला. परदेशांत त्या गाड्यांच्या नव्या धन्यांना जो उपदेश करतात, कीं तेल पाहिल्यावांचून निघूं नका, थंड एंजिन पिळूं नका, आणि सुरू करून लगेच बंद करूं नका, तोच आपल्या फटफटीलाही तंतोतंत लागू पडतो.

तेव्हां पहिला मान तेलाचा. चेतकसारख्या गाडींत तें पेट्रोलांतच मिसळावयाचें असतें. प्रमाण त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. सामान्यतः लिटरामागें २० ते ४० मिलीलिटर या मर्यादेंत तें येतें. पुस्तिका नसेल तर त्याच गाडीच्या जाणत्या मालकाला विचारावें, पण अंदाजानें ओतूं नये. कमी पडलें तर एंजिन जळतें, हें सर्वांना ठाऊक असतें. फार झालें तर काय होतें तें फारसें कोणी सांगत नाहीं. जास्त तेलानें प्लग काळा होतो, धुराच्या वाटेंत काजळी बसते, आणि तेलानें जागा अडविल्यामुळें तेवढ्याच मापांत पेट्रोल कमी जाऊन मिश्रण पातळ पडतें, म्हणजे गाडी उलट अधिकच तापते. हें तेल टू-टी म्हणून मिळतें तेंच हवें. चार धावांच्या गाडीचें तेल जळण्यासाठीं केलेलें नसतें. त्याची राख व काजळी आंतच राहते.

आर-एक्स १०० मध्यें तेलाची टाकी निराळी असते आणि एक लहानसा पंप लागेल तसें तेल सोडतो. हातांतील मूठ पिळली कीं तेलही वाढतें. योजना फार सुंदर आहे, पण तीस-चाळीस वर्षांच्या पंपावर डोळे मिटून विश्वास टाकावा असें नाहीं. गाडी घेतली त्या दिवशीं टाकींतील तेलाच्या पातळीवर बाहेरून खूण करावी, शंभर किलोमीटर चालवावी, आणि पातळी उतरली कीं नाहीं तें पाहावें. उतरली नसेल तर तेल वांचलें म्हणून आनंद मानूं नये. नळीमध्यें हवेचा बुडबुडा अडकला तरी तेल थांबतें. तो काढून टाकणें जाणत्या कारागिराला दहा मिनिटांचें काम आहे. पंपाची खात्री पटेपर्यंत पेट्रोलांतही लिटरामागें वीसेक मिलीलिटर तेल घालीत जावें. धूर वाढेल, प्लग एखादे वेळीं पुसावा लागेल, पण दट्ट्या वांचेल.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतों, कारण ती या पंपाचीच आहे. त्यानें मार्च महिन्यांत अशी एक गाडी घेतली. आधींच्या कोणा कारागिरानें पंप बिघडला म्हणून तो काढून टाकून वाट बंद केली होती. आतां तेल पेट्रोलांत मिसळा, हें मात्र विकणाऱ्यानें सांगितलें नाहीं. मुलाला वाटलें, तेलाची टाकी भरलेली आहे, चिंता कसली? धाकट्या बहिणीला नोकरीच्या गांवीं पोंचविण्यास तो आलापल्लीहून भामरागडच्या वाटेला लागला. तीं दोन गांवें एकमेकांपासून साठ-पासष्ट किलोमीटर, मध्यें जंगल. सूर्य कलला होता म्हणून त्यानें मूठ जरा जास्तच पिळली. एकाएकीं आवाज कोरडा झाला, जोर गेला, आणि मागचें चाक जागच्या जागीं जाम होऊन गाडी आडवी घसरली. सुदैवानें दोघांनाही खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. पण फोन लागेना, अंधार पडत आलेला, आणि पुढचें गांव गांठेपर्यंत दोघांना त्या रानांतून गाडी ढकलीत पायीं जावें लागलें. या दोन जिल्ह्यांत संध्याकाळीं जंगलच्या रस्त्यावर पायीं असणें म्हणजे काय, हें येथील श्रोत्यांना मीं सांगावयास नको. वाघ दिसला नाहीं. पण मुलगी आजही त्या वाटेचें नांव काढलें कीं गप्प होते.

दट्ट्या ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बहुधा लोखंडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम अधिक फुगतें. मधली तेलाची पातळ साय गेली कीं दोघे एकमेकांस धरतात. कारागीर याला सीझ होणें म्हणतात. गाडी तें न सांगतां करीत नाहीं. आधीं मूठ तीच असून जोर कमी पडतो, एंजिनांतून बारीक खणखण येते, आवाज कोरडा होतो. त्या क्षणीं डाव्या हाताचा क्लच दाबावा आणि मूठ सोडून द्यावी. एवढें एक प्रत्येकानें मोकळ्या मैदानांत पांच-पंचवीस वेळां करून हाताला शिकवून ठेवावें, कारण प्रसंग येतो तेव्हां विचाराला वेळ नसतो. क्लच दाबला कीं चाक मोकळें होतें आणि माणूस पडत नाहीं. मग गाडी सावलींत उभी करून अर्धा तास थांबावें; पाणी ओतून ती थंड करण्याचा शहाणपणा करूं नये, तापलेलें लोखंड तडकतें.

आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. या गाड्यांच्या एंजिनाला थंड करणारी वस्तु म्हणजे समोरून येणारा वारा. तोच तव्यावरून आल्यासारखा असेल तर त्यानें काय थंड करावें? चंद्रपूर ते मूल हा सरळ रस्ता भर दुपारीं एका दमांत, मूठ पूर्ण पिळून जाण्याचा मोह टाळावा. मधून मधून मूठ क्षणभर सोडावी, पुन्हां धरावी. लांब उतारावर मूठ अगदीं बंद ठेवून गाडी सोडून देऊं नये. पेट्रोलांत मिसळलेलें तेल मूठ बंद असतां आंत फारच थोडें जातें, आणि एंजिन तर फिरत असतें. सिलिंडरवरील पंख्यांसारख्या कडांत बसलेला चिखल दर आठवड्यास काडीनें काढावा. चिखलाचें पांघरूण घेतलेलें एंजिन घोंगडी पांघरून उन्हांत बसलेल्या माणसासारखें घामाघूम होतें. सकाळीं गाडी सुरू केल्यावर दीड-दोन मिनिटें मंद चालूं द्यावी आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश न्यावी.

धुळीबद्दल आपला मुलूख संपन्न आहे. घुग्गुस-बल्लारपुराकडे कोळशाची काळी, सुरजागडच्या खनिजाचे ट्रक ज्या वाटेनें जातात तिकडे लोखंडाची तांबडी. चार धावांच्या एंजिनांत आंत शिरलेली धूळ वरच्या वर सिलिंडर खाते. आपल्या एंजिनांत ती आधीं खालच्या पेटींत जाते आणि तेथील बेअरिंगांचाही घास घेते, तेव्हां नुकसान दुहेरी. हवा गाळणारा फोम काढून पाहावा. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो चुरा होऊन गेलेला असतो, किंवा आवाज वाढावा म्हणून कोणी मुद्दाम काढलेला असतो. उन्हाळ्यांत दर पंधरवड्यास तो साबणाच्या पाण्यांत धुवावा, सावलींत वाळवावा, तेलाचे चार थेंब चोळून पिळून बसवावा.

प्लग म्हणजे या गाडीची जीभ. वैद्यानें जीभ पाहावी तसा तो पाहावा. दूर जाऊन आल्यावर काढलेल्या प्लगचें टोंक वाळल्या मोहफुलासारखें तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. ओलें काळें असेल तर तेल किंवा पेट्रोल फार, अथवा ठिणगी दुबळी. पांढुरकें, करपल्यासारखें असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि हें चिन्ह पाहून दुसऱ्या दिवशीं प्रवासास निघूं नये. पातळ मिश्रणाचें एक कारण नव्या धन्यांना सुचत नाहीं. खालच्या पेटीच्या दोन्ही बाजूंस रबरी सील असतात. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली कीं तीं सुकून तडकतात आणि तेथून चोरटी हवा आंत शिरते. मूठ सोडली तरी एंजिन आपोआप जोरानें फिरूं लागलें, तर बहुधा हाच रोग. सील स्वस्त असतें, बसविण्याची मजुरी महाग पडते. तरीही जुनी गाडी घेतल्यावर रंगरंगोटीच्या आधीं हा खर्च करावा. आमचीं पोरें उलट करतात. टाकी चकचकीत, चाकांना नवें रूप, आणि पोटांत तींच चाळीस वर्षांचीं सिलें.

आतां पेट्रोलासंबंधीं. या गाड्या बनल्या तेव्हां पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतें. २०२५ पासून देशांत बहुतेक ठिकाणीं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. उंसाच्या मळीपासून वा धान्यापासून होणारें हें द्रव्य देशाला उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु जुन्या रबराला तें मानवत नाहीं. नळ्या मऊ पडतात, फुगतात, पाझरतात. म्हणून टाकीपासून कारबुरेटरपर्यंतची नळी व आंतील रबरी कड्या या पेट्रोलास टिकणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्या. इथेनॉलच्या रेणूंत प्राणवायु आधींच असतो, त्यामुळें मिश्रण थोडें पातळ होतें. प्लग पांढुरका दिसला तर कारबुरेटरचा जेट एक पायरी मोठा घालावा लागतो. शिवाय तें हवेंतील ओल ओढून घेतें. पावसाळ्यांत गूळ पाझरावा तसा हा प्रकार आहे. पाणी फार झालें कीं पाणी नि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशीं बसतात, आणि त्या थरांत तेल नीट मिसळत नाहीं. म्हणजे एंजिनाला वंगणाशिवाय घोट मिळूं लागतो. आषाढ-श्रावणांत गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलाची तोटी बंद करून कारबुरेटर रिकामा करावा, आणि बाहेर काढतांना टाकींतील जुनें पेट्रोल काढून नवें भरावें.

अशी उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वीं धुराच्या नळींत डोकावून पाहावें. कुंभारीण माशी मातीचें घर करावयाला असें भोंक शोधीतच असते, आणि सीटखालीं उंदरांनीं धानाचें कोंडें साठविलेलें मीं पाहिलें आहे.

धुराच्या नळीबद्दल तरुणांशीं माझें नेहमीं भांडण होतें. आवाज फोडण्यासाठीं ते ती आंतून पोकळ करतात किंवा कापतात. वेगाच्या दोन-धावी गाडींत ती नळी म्हणजे नुसतें धुराडें नव्हे, एंजिनाचा एक अवयव आहे. मध्यें फुगीर व शेवटीं निमुळता असा तिचा आकार मोजून केलेला असतो. धुराचा धक्का त्या निमुळत्या टोंकावरून परततो आणि खिडकीतून निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां सिलिंडरांत लोटतो. नळी कापली कीं तो धक्का परतत नाहीं. आवाज वाढतो, जोर घटतो, पेट्रोल रस्त्यावर सांडतें, आणि पोलीस दंड करतात तो वेगळाच. तिला करावयाचें काम एकच, काजळी काढणें. पांच-सहा हजार किलोमीटरांनीं आंतील जाळीची नळी काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत रात्रभर ठेवावी; हातांत रबरी मोजे असावे, डोळे जपावे. तो सोडा ॲल्युमिनियम खातो, म्हणून दट्ट्यास किंवा सिलिंडरच्या टोपीस त्याचा स्पर्शही होऊं देऊं नये. तेथील काजळी बांबूच्या कामटीनें खरवडावी. लोखंडी पात्यानें ओरखडे पडतात. गडचिरोलींत बांबूची वाण पडण्याचें कारण नाहीं.

पुराविषयीं थोडेंच. भामरागडापाशीं पर्लकोटा चढली कीं रस्ता तुटतो, हें दर पावसाळ्याचें आहे, आणि इतर नाल्यांचीही तीच कथा. पाण्यांत गाडी घालूं नये. चुकून बुडालीच तर बाहेर काढून किक मारूं नये. प्लग काढून, गाडी आडवी करून पाणी निथळूं द्यावें, कारबुरेटर रिकामा करावा, प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल सोडून मगच हळूहळू फिरवून पाहावें.

कागदपत्रें कंटाळवाणीं असलीं तरी पैसे देण्यापूर्वीं पाहावयाचीं. एंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशीं जुळले पाहिजेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें पांच पांच वर्षांसाठीं नूतनीकरण करावें लागतें, पर्यावरण कर भरावा लागतो आणि धुराचा दाखला जवळ असावा लागतो. तेलंगण किंवा छत्तीसगडांतून आणलेल्या गाडीस तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला नसेल, तर ती कितीही देखणी असो, तिच्याकडे पाठ फिरवावी.

जंगलच्या वाटेला निघतांना बरोबर काय असावें, एवढें सांगून थांबतों. कोरा प्लग एक आणि तो काढण्याचा पाना, काचकागदाचा तुकडा, क्लचची एक तार, पक्कड, ट्यूबचें ठिगळ व हातपंप, बॅटरी, पिण्याचें पाणी, आणि अर्धा लिटर टू-टी तेल, झांकण घट्ट लावून, कापडांत गुंडाळून. आलापल्लीच्या पुढें तें वाटेंत मिळेल या भरंवशावर राहूं नये.